वहिनीचा मुका धडा

माझी वहिनी गाडी शिकवते. आमच्या भागात ज्यांना दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एका दमात गाडी लावता येते, ते बहुतेक तिच्या हाताखालून गेलेले असतात. ज्यांना येत नाही ते दुसरीकडे शिकले, असं ती म्हणते. त्यातले एकदोन तिच्याचकडे शिकलेले आहेत हे मी लक्षात आणून दिलं, की तिला नेमका कुणाला तरी फोन करायचा असतो. उंचीने ती बेताची. सीटवर उशी घेतल्याशिवाय तिला बॉनेटच्या पलीकडचं दिसत नाही. आवाज मात्र देणाऱ्याने हात राखून दिलेला नाही.

मी तिची नणंद. तिचं ऑफिस सांभाळते. ऑफिस म्हणजे घराचीच तळमजल्यावरची पुढची खोली. काचेचं टेबल, काचेखाली रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, भिंतीशी खुर्च्या आणि कोपऱ्यात एक लाकडी फळी. फळीवर चौक रंगवलेला आहे आणि त्यावर खेळण्यातल्या गाड्या. त्यातल्या एका गाडीला एक चाक नाही. नव्या माणसाला वहिनी हटकून तीच गाडी देते, म्हणजे चुकलं तर दोष गाडीवर ढकलता येतो आणि बिचाऱ्याला बरं वाटतं. फोन घेणं, वेळा लावून देणं आणि रडकुंडीला आलेल्यांना चहा देणं हे माझं खातं. आमचं दोघींचं पटतं. पटत नाही तेव्हा ती मला 'वन्सं' म्हणते, एरवी नुसती 'अगं'.

तिची शिकवायची रीत वेगळी आहे. बाकीच्या ठिकाणी आधी आठवडाभर भाषण देतात, तक्ते दाखवतात, मग गाडीजवळ नेतात. वहिनी पहिल्या दिवशी, पहिल्या मिनिटाला माणसाच्या हातात चावी ठेवते. म्हणते, बसा आणि चालू करा. माणूस म्हणतो, मला काहीच येत नाही. ती म्हणते, येत असतं तर कशाला आला असतात? मग गाडी गचके खात, बंद पडत गल्लीच्या टोकापर्यंत जाते, आणि घरी परतलेला माणूस बायकोला सांगतो की आज मी गाडी चालवली. ही रीत तिने कुठून उचलली हे मला ठाऊक नाही. तिची स्वतःचीच असावी, कारण दुसऱ्याचं काही उचलण्यातली ती नव्हे.

शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या गाडीत त्या ब्रेकला एक बेल जोडलेली आहे. वहिनीने पाय ठेवला की ती वाजते. हिने गाडी थांबवायची आणि शिकाऊ माणसाने आपणच थांबवली असं समजून कॉलर ताठ करायची, हे तिला सहन होईना, म्हणून तिने ती मुद्दाम बसवून घेतली. बेलचा नियमही तिचाच. वळताना बेल वाजली की हातातलं वळण सोडून द्यायचं, चाक सरळ करायचं आणि सरळ पुढे जायचं. घाबरलेला माणूस अर्ध्या वळणात काय करील याचा नेम नसतो, आणि सरळ जाणं कुणालाही जमतं. हा नियम ती इतका घोटून घेते की आमच्याकडून शिकून गेलेले लोक दुसऱ्या कुणाच्या दाराची बेल वाजली तरी हात सरळ करतात, असं माझा भाऊ म्हणतो.

आणि शेवटी असतो मुका धडा. त्या दिवशी वहिनी शेजारी बसते आणि एक शब्द बोलत नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, अगदी 'अहो, समोर बस आहे' असंही नाही. शिकणाऱ्याने वाटेल त्या रस्त्याला जायचं आणि सुखरूप परत यायचं. बेल वाजली की धडा बाद, पुन्हा द्यायचा. सरकारी परीक्षेला लोक हसत जातात, पण मुक्या धड्याच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलाजवळ येऊन पाणी मागतात. वहिनीसारख्या बाईचं गप्प बसणं किती भीतिदायक असतं, हे मी घरातली असल्याने जाणते.

माझा भाऊ, म्हणजे दादा, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरून 'हे स्पष्ट की हे?' असं विचारतो. शब्दांचा त्याचा कोटा दुकानातच संपत असावा, कारण घरी तो फारसा बोलत नाही. त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे मुंगी. लहानपणी स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत घरभर फिरायची, म्हणून मुंगी. बारावीत गेल्यावर तिने हे नाव बंद करा म्हणून बजावलं, आम्ही हो म्हणालो आणि पुढे चालू ठेवलं. वय बसल्याबरोबर ती आईकडे गाडी शिकली आणि मुक्या धड्यात पहिल्या फटक्यात पास झाली. वहिनीने ही बातमी गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितली, फक्त मुंगीला 'ठीक चालवलीस' म्हणाली.

मुंगीला पूल बांधायला शिकायचं होतं. त्यासाठी तिने दोन खाजगी विद्यापीठांत अर्ज केले. दोन्ही अशी, की आत शिरणं म्हणजे दिव्यच. परीक्षा, निबंध, मुलाखत, आणि हजारांतून मोजके घ्यायचे. एकही मिळालं नाही तर काय करायचं याची आम्ही सगळी तयारी करून ठेवली होती. दोन्ही मिळाली तर काय करायचं, याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. आणि दोन्ही मिळाली.

एकाला आम्ही जुनं म्हणायचो, एकाला नवं. जुनं आमच्या गावाबाहेर तासाभरावर. दगडी इमारत, मोठं नाव, भिंतीवर शिकून गेलेल्या मोठ्या लोकांचे फोटो. रोज घरून जाऊन येता येईल असं. तिथल्या मुलाखतीला मुंगीबरोबर वहिनी गेली होती. नवं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, तिकडे राहायलाच लागणार. तिथे दादा घेऊन गेला होता, आणि परत आल्यावर त्याच्याकडून आम्हाला एवढंच कळलं की खिडक्या मोठ्या आहेत. पैशाचा प्रश्न शिष्यवृत्तीने दोन्हीकडे सारखाच सोडवला होता, त्यामुळे तो मी इथे काढत नाही. तो असता तर बरं झालं असतं, एका बाजूला बोट दाखवता आलं असतं.

वहिनी रोज म्हणायची, निर्णय तुझा, मी मधे पडणार नाही. आणि मधे न पडता तिने काय काय केलं ते मी पाहिलं. जेवणाच्या टेबलावर जुन्याची माहितीपुस्तिका वर असायची आणि नव्याची फळांच्या टोपलीखाली. मी सकाळी नव्याची काढून वर ठेवायची, दुपारी ती पुन्हा केळ्यांखाली. जुन्याकडे जाणारा रस्ता किती चांगला झालाय, बस कशी थेट दारात थांबते, वसतिगृहात राहून मुलांची पोटं कशी बिघडतात, हे सगळं ती जाता जाता, स्वतःशी बोलल्यासारखं बोलायची. शिकायला येणाऱ्यांनाही तिने कामाला लावलं. एका डॉक्टरने चढावर अर्धा क्लच धरून जुन्याच्या बाजूने मत दिलं आणि गाडी मागे नेऊन फाटकावर घातली. दादाने आपल्या परीने मदत केली. एका संध्याकाळी त्याने दोन्ही पुस्तिका मुंगीच्या डोळ्यांपुढे आळीपाळीने धरल्या आणि विचारलं, "हे स्पष्ट की हे?" मुंगी म्हणाली, दोन्ही सारखंच दिसतंय. दादा म्हणाला, दमलेल्या डोळ्यांना तसंच दिसतं, आणि पुस्तिका खाली ठेवल्या.

पण तिला सारखं दिसत नव्हतं. हे मला गाडी धुताना कळलं. मी पाईप धरला होता आणि मुंगी चाकं घासत होती. चाकाकडेच बघत तिने सांगायला सुरुवात केली. जुन्यात पहिली दोन वर्षं नुसती व्याख्यानं. प्रयोगशाळा काचेपलीकडे, कुलपात, मोठ्या मुलांसाठी. नव्यात मुलाखत झाल्यावर त्यांनी तिला एका शेडमध्ये नेलं. पहिल्या वर्षाच्या मुलांनी लाकडी पट्ट्यांचे पूल केले होते आणि ते मोडेपर्यंत त्यावर वजनं ठेवत होते. शेवटचं वजन त्यांनी हिच्या हातात दिलं. हिने ठेवलं, पूल कडाडून मोडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आई पहिल्या दिवशी चावी देते ना, अगदी तसं," ती म्हणाली. "मला तसंच शिकायचंय, आत्या. दुसऱ्या रीतीने मला येणारच नाही."

मग हेच आईला सांग, मी म्हटलं. मुंगी म्हणाली, सांगितलं तर ती लगेच जा म्हणेल, आणि नंतर आतल्या आत झुरेल. "घरात बोलणारं असं तिला माझ्याशिवाय आहे कोण?" ती म्हणाली. या वाक्याचा मला राग आला, कारण मी दिवसभर वहिनीसमोर बसून बोलतच असते. पण पोरीचं म्हणणं खरं होतं. मला ऐकावं लागतं म्हणून मी ऐकते. मुंगी हसायची, आणि वहिनीचं सगळं बोलणं त्या हसण्यासाठी असायचं.

कळवायची मुदत सोमवारी संपत होती. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला कुणीच काही बोलेना, तेव्हा वहिनीने ताट बाजूला सारलं आणि जाहीर केलं की आता मुका धडा. रविवारी सकाळी सगळ्यांनी गाडीत बसायचं, मुंगी चालवेल, वहिनी शेजारी, कुणी चकार शब्द काढायचा नाही. गावाबाहेरच्या फाट्यावर सरळ गेलं की जुनं, उजवीकडे वळलं की नव्याचा महामार्ग. मुंगी गाडी नेईल ते तिचं विद्यापीठ. दुसऱ्या कुठल्याही घरात माणसं बसून बोलली असती. आम्हा चौघांना मात्र हे एकदम पटलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळे पोटभर जेवलो. मुंगीचा चेहरा तर असा उजळला की मला वाटलं, सुटला प्रश्न. बोलण्यापेक्षा वळणं तिला सोपं होतं.

रविवारी निघालो. पुढे मायलेकी, मागे मी आणि दादा. मुंगी छान चालवत होती. मी वहिनीच्या डोक्यामागे बसले होते, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त केसांचा अंबाडा दिसत होता आणि तो अजिबात हलत नव्हता. दुकानं संपली, गोदामं संपली. फाटा दिसला. मुंगीने आरशात पाहिलं, उजवीकडचा दिवा लावला, वेग उतरवला आणि चाक फिरवायला घेतलं.

बेल वाजली.

मुंगीच्या हातांनी जे करायचं ते केलं. वळण सोडलं, चाक सरळ केलं, गाडी सरळ पुढे निघाली. जुन्याच्या रस्त्याला. दिवा अजून उजवीकडचा लुकलुकत होता, तो तिने बऱ्याच पुढे गेल्यावर बंद केला. मी तोंड उघडलं आणि मिटलं, मुक्या धड्याचा नियम मला आड आला. आज विचार केला की हसू येतं. एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि चार शहाणी माणसं बेल वाजली म्हणून निमूटपणे भलत्या रस्त्याने चालली होती.

जुन्याच्या फाटकाशी गाडी थांबली. वहिनी जोरात म्हणाली, झालं तर मग, छान निवडलंस. आणि उतरून भराभरा आवारात निघाली. कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन ती आम्हाला दाखवायला लागली की हे वाचनालय, हे खेळाचं मैदान, हा बसचा थांबा. तिचा आवाज नेहमीपेक्षाही मोठा लागला होता. मुंगी सगळीकडे मान डोलावत होती. एका इमारतीच्या काचेशी मात्र ती थांबली. आत लांबलचक टेबलं होती, यंत्रं होती, दाराला कुलूप होतं. तिने काचेला हात लावला आणि काढून घेतला.

माझ्या डोक्याची शीर तडतडली. समोरच्या बाकावर सगळे बसल्याबरोबर मी विचारलं, वहिनी, ब्रेक कशाला दाबलास?

"सायकलवाला आला ना मधे," ती म्हणाली. "तुमचं लक्ष कुठे असतं, वन्सं?"

मी पुढे बोलणार होते, चांगलं खरमरीत, पण दादाने माझ्या हातावर हात ठेवला. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"सायकलवाला नव्हता," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून आलं म्हणजे संपलंच. वहिनी मांडीवरच्या पर्सचा बंद उघडझाप करत बसली. मुंगी तिच्या समोर उभी राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, वहिनीने रागाला राग दिला असता आणि विषय बुडवला असता. पण मुंगीने शिकाऊ माणूस विचारतो तसं सरळ विचारलं.

"आई, माझं काय चुकलं होतं?"

या प्रश्नाला वहिनीने उभ्या आयुष्यात कुणाला खोटं उत्तर दिलेलं नाही. न्यायाधीश शिकायला आला तरी त्याची चूक ती तोंडावर सांगते आणि चूक नसेल तर नाही म्हणते. तिने मान वर केली.

"काही नाही चुकलं," ती म्हणाली. "आरसा बघितलास, दिवा लावलास, वेग उतरवलास. रस्ता मोकळा होता."

"मग?"

"तू चुकली असतीस तर मला करायला काहीतरी उरलं असतं गं."

मला वहिनीचा राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही, आणि तिच्याबद्दल इतकी माया वाटली की मी दुसरीकडे बघायला लागले. मुंगी तिच्या शेजारी बसली. तिने आईच्या हातातली पर्स काढून घेतली आणि मला तिकडे जायचंय असं सांगितलं. मग शेडचं सांगितलं, पट्ट्यांच्या पुलाचं सांगितलं, शेवटच्या वजनाचं सांगितलं. चावीचं सांगितलं तेव्हा वहिनी पहिल्यांदा हसली, आणि म्हणाली की म्हणजे माझीच शिकवणी मला भोवली.

मला वाटलं आता घरी जायचं. सोमवारी कळवून टाकायचं, प्रश्न मिटला. पण वहिनी उठली, साडीच्या निऱ्या झटकल्या आणि म्हणाली, बेल वाजली म्हणजे धडा बाद, परत द्यावा लागेल. मुंगी म्हणाली, अगं आई, आता तोंडाने सांगितलं ना मी. वहिनी म्हणाली, तोंडाने कुणीही सांगतं, वळून दाखव. आणि गाडीशी आल्यावर तिने पुढचं दार उघडून दादाला आत बसवलं. तुम्ही बसा इथे, ती म्हणाली, तुमचा तरी भरवसा आहे. दादा दोन्ही पाय सीटखाली ओढून घेऊन असा आखडून बसला, की त्या ब्रेकला त्याच्या बुटाची सावलीही लागू नये.

वहिनी मागे माझ्याजवळ आली. इतक्या वर्षांत ती त्या गाडीत मागे कधी बसली नव्हती. मागचा पट्टा कुठे अडकवायचा हे तिला सापडेना, तो मी लावून दिला. उशी पुढेच राहिल्याने ती सीटमध्ये पार बुडाली होती आणि तिला समोरचा रस्ता दिसत नव्हता. मी उशी मागू का विचारलं, तर तिने मान हलवून नको म्हटलं. बोलायचं नव्हतं, धडा सुरू झाला होता.

येताना जो फाटा उजवीकडे होता तो आता डावीकडून येत होता. मुंगीने वेग उतरवला. वहिनीला काही दिसत नव्हतं, पण गाडी हळू झाली की कुठे आलो हे तिच्या पायांना कळतं. तिचा पाय उचलला गेला, माझ्या पायावर आला आणि तिने सगळा जीव एकवटून तो दाबला. मला कळ मस्तकापर्यंत गेली. मी हूं की चूं केलं नाही. मुंगीने आरशात पाहिलं आणि गाडी वळवली.